सासूबाई दारात बसल्या

एकदा एका वाळवंटातून दोन उंट चालले होते. पुढच्यावर एक वृद्ध सत्पुरुष. त्या मुलखात त्यांचा शब्द सरकारही ऐके आणि बंडखोरही. मागच्यावर त्यांचा शिष्य, तिशीतला, स्वभावानं तापट.

सात महिन्यांपूर्वी तुआरेग जमातीच्या बंडखोरांनी सरकारचे नऊ शिपाई धरून नेले होते. त्यांना सोडवायला हे दोघे निघाले होते. त्या नऊ जणांत शिष्याचा धाकटा भाऊ होता, बाकारी. आणि सरकारच्या सेनापतीनं बजावलं होतं, "शुक्रवारपर्यंत माणसं आली नाहीत, तर शनिवारी आमची विमानं जातील." आता विमानातून पडणारा बॉम्ब काही शिपाई कोण, बंडखोर कोण, असं विचारून पडत नाही. उजाडला होता बुधवार. शिष्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुपारी तळ दिसला. चामड्याचे वीसेक तंबू. मधल्या तंबूपुढे बंडखोरांचा नायक अगाली उभा होता. निळ्या मुंडाशाचा शेव नाकावरून ओढलेला, दिसत होते ते नुसते डोळे. त्या लोकांत तोंड पुरुष झाकतात, बायका नाहीत. दोघे येणार हा निरोप आदल्या दिवशीच पोचला होता, म्हणून चहाची किटली निखाऱ्यावर तयार होती. अगालीनं छातीवर हात ठेवून सलाम केला. वृद्धांनीही केला. आणि उंट तसाच पुढे हाकला!

"गुरुजी! अहो, नायक मागे राहिला!"

"दिसला मला. डोळे शाबूत आहेत माझे अजून."

थांबले कुठे, तर तळाच्या पार टोकाला. तिथं एक म्हातारी दाराशी बसून कातडी पिशवीत ताक हलवत होती.

"बाई, दोन वाटसरूंना ताक मिळेल का?"

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मिळेल की. पण नायकाचा गोड चहा टाकून माझं आंबट ताक प्यायला आलास, म्हणजे काम मोठं दिसतंय."

"आहे. पण ताक आधी."

म्हातारी खुदकन हसली. मग काय विचारता! पावसाची चौकशी झाली, उंटांची झाली, नातवंडांची झाली, दोघांच्या गुडघ्यांची तर फारच सविस्तर झाली. शिष्य नुसता चुळबुळत होता. शेवटी राहवेना, तसा म्हणाला, "गुरुजी, शुक्रवार!"

वृद्ध शांतपणे म्हणाले, "बाई, हा असा का तडफडतो, तुम्हीच विचारा त्याला."

"काय रे पोरा, काय झालं?"

"आजी, माझा भाऊ तुमच्या त्या टेकडीमागे कैदेत आहे. त्याचं लग्न ठरलं होतं. जेवणावळीसाठी आईनं बकरी आणून ठेवली. नवरदेव येईना, मग बकरी कापायची कुणासाठी? आता तिला दोन पिल्लं झाली. नवरी रोज येऊन आईला विचारते, तुमच्या घरात बकरीचा संसार मांडून झाला, माझा कधी मांडणार?"

म्हातारी इतकी हसली की ताक सांडलं. आणि एकाएकी हसू थांबलं.

"लग्न ठरलेलं पोर धरून ठेवलंय? मला कुणी बोललं नाही ते." तिनं काठी उचलली. "बसा तुम्ही. मी जावयाकडे जाऊन येते."

तेव्हा कुठे शिष्याला कळलं की अगाली हिचा जावई.

तुआरेग लोकांची एक रीत आहे. जावई सासूपुढे नजर वर करत नाही, तिच्याशी आवाज चढवत नाही, तिच्यासमोर खात नाही की पीत नाही. मुंडाशाचा शेव नाकाखाली उतरवणं तर लांबच. म्हातारी गेली आणि अगालीच्या दारात बसली. बसली ती बसलीच. चहा उकळून उकळून काळा झाला. भोवतीच्या बंदूकधाऱ्यांत दोघेतिघे तिच्याच घराण्याचे जावई होते. त्यांनीही शेव वर ओढले आणि आपापल्या पायांकडे पाहू लागले.

"मी काही मागायला नाही आले हो," म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पाय दुखले, टेकले. तुमचं चालू द्या."

चालणार काय, कपाळ! एवढा नायक, पण घोटभर चहाला महाग झाला. अखेर तो आत वळून बायकोच्या कानात काही पुटपुटला. बायको हसू दाबत बाहेर आली.

"आई, हे विचारतायत, किती वेळ बसणार?"

"सांग त्यांना, एका घरी लग्न खोळंबलंय. ते लागेपर्यंत."

सगळ्या तळावर हशा पिकला. कोण कोण हसलं, ते शेवांआड कुणाला दिसलं नाही. अगालीनं मान लववली आणि टेकडीकडे हात केला.

नऊ शिपाई आले. वाळलेले, पण धडधाकट. बाकारीनं भावाला अशी मिठी मारली की दोघे वाळूत आडवे. मागोमाग नऊ उंट आले, खोगिरं चढवलेले, पाण्याच्या पखाली लादलेले. शिष्य चपापला. विहीर इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. म्हणजे पाणी आणायला माणसं पहाटेच गेली असणार, आपण पोचायच्या आधीच!

परतीच्या वाटेवर त्यानं विचारलं, "गुरुजी, नायकाला शिपाई सोडायचेच होते, तर आपण त्याला ओलांडून का गेलात?"

वृद्ध म्हणाले, "सात महिने इतक्या लांबून परक्या माणसांसाठी पाणी आणणारा त्यांना मारायला बसलेला नसतो, हे मला ठाऊक होतं. पण विमानांच्या धाकानं सोडले असते, तर त्याचेच लोक म्हणाले असते, भ्याला. माझ्या विनंतीवरून सोडले असते, तर म्हणाले असते, फितला. सासूपुढे मान खाली घातली, तर म्हणतील, चांगल्या घरचा जावई आहे. समोरच्यानं वाकावं असं वाटत असेल, तर अब्रू राखून वाकता येईल अशी जागा त्याला शोधून द्यावी. ती जागा आपल्यापाशी नसते, त्याच्याच माणसांत असते."

"आणि त्याला हे कळलं होतं?"

"मी किटली ओलांडून पुढे गेलो, तेव्हा त्याचे डोळे हसले. मुंडासं काही डोळे झाकत नाही."

मागून बाकारीनं हाक दिली, "दादा, काय देऊन सोडवलंत रे आम्हाला?"

शिष्यानं आपला उंट त्याच्या उंटाशेजारी आणला. मग म्हणाला, "काही नाही दिलं. त्याचा मान त्याच्यापाशीच राहू दिला."

आपल्याही घरात कुणीतरी हट्टाला पेटून बसलेलं असतं. त्याला हरवायला निघण्याआधी, तो कुणापुढे आनंदानं हरेल, एवढं पाहून घ्यावं.