सिस्टर फिलोमिनांचं फडकं

नळ यायचे होते आणि सगळं बोरखळी गाव बारवेच्या पायऱ्या उतरून, पाण्यात उभं राहून घागर बुडवायचं, त्या काळची ही गोष्ट. दर उन्हाळ्यात गावात नारू निघायचा. पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि आतून दोऱ्यासारखा किडा तोंड काढायचा. ऐकतानाही पाय वर ओढून घ्यावेसे वाटतात.

गावात मिशनच्या सिस्टरांचा दवाखाना होता. तिथल्या सिस्टर फिलोमिना तो किडा काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढत. घाई केली की तो आत तुटतो, पाय सडतो. बोटं तेवढी शांत, बाकी बाईला स्वस्थता म्हणून नव्हती, असं म्हणतात. एक पाय बांधावा, तर दुसरा दारात. एक दिवस त्या उठल्या आणि थेट बारवेवर जाऊन उभ्या राहिल्या. फोडातून किड्याची पिल्लं पाण्यात उतरतात आणि तेच पाणी पोटात जातं, म्हणून फोड आलेल्यांना पाण्यात उतरू देईनात. डोक्यावरचं पांढरं फडकं काढून दुहेरी केलं आणि म्हणाल्या, पाणी यातून गाळून न्या.

बायकांना वाटलं, ही पाण्यातून बाटवते. गाळलेलं पाणी त्या सिस्टरांच्या देखत ओतून द्यायच्या. "डोईचं धुणं पाजती व्हय आम्हाला?" असंही कुणी म्हणालं.

ठकूचा थोरला मुलगा नारूनं लंगडा झाला होता. आता धाकटी मथी तेवढी धड होती. ठकू घागर घेऊन थबकली.

"सिस्टरबाई, हिला काही झालं तर?"

"तर मला याच बारवेत ढकल."

त्या दिवसापासून मथी गाळलेलंच पाणी प्यायली. नारू दिसायला वर्ष लागतं. ते वर्ष कसं गेलं, विचारू नका. मथीनं पाय खाजवला की ठकू दचकायची. सिस्टर येता-जाता पोरीचे घोटे चाचपायच्या.

उन्हाळा आला. घरोघर फोड आले. मथी मात्र उड्या मारत बारवेवर आली, पाय कोरे. मग बायकांच्या घागरी एकेक करून फडक्याखाली सरकल्या.

असं म्हणतात, त्या फडक्यातून सारी बारव गाळून निघाली, तरी ते विरलं नाही. सिस्टर वारल्या त्या दिवशी पान हलत नव्हतं, पण बारवेच्या पायरीवरचं फडकं फडफडत राहिलं. ठकूनं त्यातून एक घागर गाळली, तेव्हा कुठे ते निवलं.

आज घरोघर नळ आहेत. तरी बोरखळीत नवी नवरी आली की दारातच पहिली घागर दुहेरी फडक्यातून गाळते. मग सासू खाली वाकते, सुनेचे घोटे चाचपते, आणि त्यानंतरच तिला उंबरा ओलांडू देते.