पाच छर्रे, एक भोक

९ डिसेंबर. दिवसभर ढगाळ, बोचरा वारा. वडील वारल्यावर त्यांची रिक्षा विकून उरलेले अठरा हजार घेऊन शमीम शिकलगार मिरजेतल्या नेमबाजी क्लबात आली. घरात विकण्यासारखं आणखी काही नव्हतं. रविवारी निवड चाचणी होती आणि स्वतःच्या एअर रायफलीशिवाय प्रवेश नव्हता.

क्लबचे मालक इनामदार सर लाखाच्या नव्या रायफली विकत. कोपऱ्यातल्या जुन्या रायफलीवर मात्र अठरा हजारांची चिठ्ठी होती. शमीमने तीच मागितली.

"पोरी, हे भंगार आहे. माझा नेम तीस वर्षांत चुकलेला नाही, तरी बघ," म्हणत सरांनी सगळ्यांसमोर पाच छर्रे मारले. पाचही मधलं वर्तुळ सोडून खाली डावीकडे, एकाच भोकात गेले. "बघितलंस?"

"बघितलं, सर. रायफल वाईट असती तर छर्रे विखुरले असते. एकाच भोकात गेले, म्हणजे नळी चोख आहे, नेम धरायची साइट तेवढी सरकलीय. स्क्रू फिरवला की झालं. का तुमचाच नेम चुकला म्हणायचं?"

सरांनी अठरा हजारांची पावती फाडली.

रविवारी सहा जणींची निवड झाली. शमीम सहावी आली.