नाईक कुठे उभा राहायचा?

फार पूर्वी, घाटात गाडीरस्ते नव्हते तेव्हा, मीठ समुद्राकडून बैलांच्या पाठीवर बसून यायचं. लांबून घुंगरं वाजली की पोरं हातातला खेळ टाकून वेशीकडे धावायची, बायका धान्याची सुपं घेऊन उभ्या राहायच्या. काय दिवस होते ते! आता मीठ पिशवीतून घरी येतं आणि त्याची कोणी वाट पाहत नाही. असो, गोष्ट सांगायला बसलं की आमचं हे असं होतं.

तर असं मीठ आणणाऱ्या एका तांड्याचा नाईक वारला आणि त्याचं पागोटं मुलाच्या डोक्यावर आलं. मुलगा कष्टाळू होता, मनाचाही चांगला होता. पण त्याला एकच धास्ती होती, की लोक आपल्याला मानतील का? बापाचा शब्द तर कोणी कधी खाली पडू दिला नव्हता.

बाजाराच्या गावी एक पंडित राहायचा. माणसं कशी चालवावीत, हे तो राजेरजवाड्यांना शिकवायचा. मुलाने त्याचे पाय धरले. “महाराज, नायकाने कसं असावं?”

“सर्वांच्या पुढे,” पंडित डोळे मिटून म्हणाला. “हातात निशाण, मान ताठ. आणि मागे वळून बघायचं नाही. नायक मागे बघू लागला की मागच्यांना शंका येते.”

“आमचे बाबा तर कधी कुठे असायचे, कधी कुठे.”

“म्हणूनच बदल हवा, बाळा.”

मुलाला पटलं. त्याने मोठं तांबडं निशाण शिवून घेतलं आणि तांड्याच्या पुढे चालू लागला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, पण नवा नाईक, नवी तऱ्हा, म्हणत त्याच्यामागे बैल हाकले. आणि खोटं कशाला सांगू, घाटात त्या निशाणाचा फार उपयोग झाला. धुक्यात वाट दिसेना, पण तांबडं फडकं दिसायचं. एकही बैल चुकला नाही. “पोरगं बापाच्या वरताण निघालं!” लोक म्हणाले, आणि नायकाची छाती फुगली.

घाट उतरल्यावर नदी आडवी आली. वर कुठेतरी पाऊस झाला असावा, पाणी गढूळ होतं आणि ओढ चांगलीच होती. नाईक सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला, आधी पलीकडे पोचला आणि उंचावर जाऊन निशाण धरून उभा राहिला. पाठ अर्थातच नदीकडे.

तांड्याच्या शेवटी एक विधवा म्हातारी होती. तिचा एकच बैल, त्याच्यावर मिठाच्या दोन गोण्या, आणि त्यांतच तिचं वर्षभराचं पोट. नदीच्या मध्यावर बैलाचा पाय गोट्यावरून सटकला. गोण्या पाण्यात बुडाल्या, प्रवाहाने त्या एका अंगाला ओढल्या आणि बैल गुडघ्यांवर बसला. म्हातारीच्या गळ्यापर्यंत पाणी आलं, तरी ती कासरा सोडेना.

“नायकाऽऽ!” ती ओरडली.

पाण्यातल्या सगळ्यांच्या माना सवयीने प्रवाहाच्या खालच्या अंगाला वळल्या. जुना नाईक अशा वेळी तिकडून पाणी कापत यायचा. आज तिकडे कोणी नव्हतं. काठावरचा पोरगाही हाकेसरशी वळला, आणि क्षणभर त्याचेही डोळे वडिलांनाच शोधू लागले. मग त्याला समजलं की ही हाक आपल्याला आहे.

निशाण टाकून तो पाण्यात धावला. चाकूने दोर कापले, गोण्या वाहून गेल्या, बैल मोकळा झाला. म्हातारीला त्याने खांद्यावर घालून काठावर आणलं. जीव वाचला, पण मीठ नदीने नेलं.

नायकाने आपल्या बैलावरच्या गोण्या उतरवून तिच्या बैलावर चढवल्या.

“अरे, मग तू काय खाशील?” म्हातारी म्हणाली.

“माझे हातपाय धड आहेत, आजी,” तो म्हणाला आणि तिथेच खाली बसून लहान मुलासारखा रडला. वडील जाऊन महिने झाले होते, पण ते गेले हे त्याला त्या दिवशी खरं वाटलं.

मग डोळे पुसून त्याने सगळ्यांना विचारलं, “बाबा नेमके कुठे उभे राहायचे? मला जागा दाखवा. मी तिथेच उभा राहीन.”

“कुठे म्हणजे? माझ्या बैलापाशी,” एक जण म्हणाला.

“तुझ्या कशाला? दर खेपेला माझ्या बैलापाशी असायचे,” दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने दोघांनाही खोटं पाडलं. बघता बघता चांगलंच भांडण जुंपलं. म्हातारी ओल्या पदराने तोंड पुसत म्हणाली, “भांडू नका रे. ते माझ्याच बैलापाशी असायचे.”

नायकाने एकेकाच्या बैलाकडे पाहिलं. मग उठून त्याने पागोटं घट्ट बांधलं आणि विचारलं, “चला निघू. कोणाचा बैल दमलाय?”

तात्पर्य विचाराल तर एवढंच: नायकाने कुठे उभं राहावं हे शिकवणारे शहाणे पुष्कळ भेटतात आणि एखाद्या वाटेवर त्यांचं खरंही ठरतं, पण नायकाची जागा शास्त्रात नसते, ती हाक मारणाऱ्याच्या शेजारी असते.