ओढा जोखणारा सुतार

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात ओढ्याओढ्यावर पाणचक्क्या फिरायच्या. पाणी चाक फिरवी, चाक जातं फिरवी आणि बायकांच्या हातांना विसावा मिळे. काय दिवस होते हो ते!

या चक्क्या बनवणारा एक सुतार होता. म्हातारपणी त्याचं मन त्याला खाई. त्याची निम्मी चाकं शिमग्यानंतर नुसती उभी असत. लोक नवं काम काढत दसऱ्याच्या मुहूर्तावर. तेव्हा ओढे तुडुंब! उन्हाळ्यात तिथंच धोंडे उघडे पडत आणि किडूकमिडूक विकून बसवलेल्या चाकावर कावळे बसत.

शेवटी सुतारानं रंधा खुंटीला टांगला आणि नवाच धंदा मांडला. ओढा जोखून द्यायचा! लाकूड किती, दगड किती, पाणी किती महिने, पीठ किती, सगळं आधीच सांगायचं. “‘बसव’ म्हटलं तरी पायलीभर जोंधळे, ‘नको’ म्हटलं तरी पायलीभरच,” तो म्हणे.

लोक हसले. “‘नको’ ऐकायला जोंधळे द्यायचे? म्हाताऱ्याला चळ लागला!”

पहिलं गिऱ्हाईक आलं, तो नेमका त्याचा बालमित्र. चाकासाठी तो बैलजोडी विकायला निघाला होता. दसऱ्याचं सोनं देऊन झालं आणि दोघं ओढ्यावर गेले. पाणी खळाळत होतं.

“आठवतं का रे?” मित्र म्हणाला. “याच डोहात दिवसदिवस डुंबायचो. आई हाका मारून दमायची, पण आपण बाहेर येऊ तर शपथ!”

सुताराला सगळं आठवलं. डोळे भरून आले. ‘बसव गड्या’ अगदी ओठांवर आलं होतं. पण आठवणीतला ओढा बारमाही वाहतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं काठाचे धोंडे न्याहाळले, गुराख्यांना चार प्रश्न विचारले आणि जड मनानं म्हणाला, “नको बसवूस. संक्रांतीपर्यंत पाणी टिकेल, पुढं नाही. बैल गेले तर शेतही पडीक राहील. मुहूर्तच हवा ना? मग अक्षय्य तृतीयेला ओढा बघ आणि ठरव.”

मित्र भडकला. “अख्ख्या खोऱ्याला चाकं दिलीस आणि माझ्याच वेळी नन्नाचा पाढा? थांबतो वैशाखापर्यंत. तुला खोटा पाडतो की नाही बघ!”

मग बोलणंच तुटलं. हिवाळा गेला, शिमगा गेला. सुताराच्या ओट्यावर कुणी फिरकेना. रस्त्यावरून मित्राचा खोकला ऐकू आला तरी त्याचा जीव कासावीस होई. आपलं चुकलं असेल तर? धंदा तर गेलाच, जन्माचा सोबतीही गेला.

अक्षय्य तृतीया उजाडली. दारात मित्र उभा होता, हातात पाण्यानं भरलेलं नवं मडकं. त्या दिवशी असा घट द्यायची रीतच होती. त्यानं तो सुताराच्या हाती दिला.

“घे,” तो कसाबसा म्हणाला. “ओढ्यात एवढंही नव्हतं रे.”

दोघं म्हातारे गळ्यात गळा घालून रडले.

त्या पावसाळ्यात मित्राच्या शेतात त्याचेच बैल चालले. आणि दसऱ्याला सुताराच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

तात्पर्य काय, तर नवं काम उभारताना आटलेल्या दिवसांचा हिशेब आधी करावा आणि तो तोंडावर सांगणाऱ्याला मित्र मानावं.