गुण्याच्या दोन रेघा

घरोघरी आंघोळीचं पाणी बंबात तापत होतं, त्या काळची गोष्ट. हौसेनं सुतारकाम करणाऱ्या नरहरतात्यांकडे काटकोन तपासणारा एक लोखंडी गुण्या होता. एकदा तो टेबलावरून दणकन खाली पडला. "लागलं नाही हं कुठं!" असं त्यानंच सगळ्यांना सांगून टाकलं.

त्या दिवसापासून जगात वाकडेपणा फार वाढल्याचं त्याच्या लक्षात आलं. फळी पुढे आली की तो तिच्या कोपऱ्याला टेकायचा आणि म्हणायचा, "वाकडी!" तात्या ती बंबात घालायचे. स्वयंपाकघरातली मांडणी काही होईना, आंघोळीला मात्र कढत पाणी मिळू लागलं.

शेवटी सागाची एकच फळी उरली. "वाकडी," गुण्या म्हणाला.

"जाते हो मी बंबात, गुण्याभाऊ," फळी म्हणाली. "पण आधी माझ्या कडेला टेका आणि पेन्सिलीकडून एका ठिपक्यापासून माझ्यावर एक रेघ मारून घ्या. मग पालथे व्हा, त्याच कडेला टेका आणि त्याच ठिपक्यापासून दुसरी मारा. तुम्ही सरळ असाल तर दोन्ही जुळतील."

गुण्यानं ऐटीत रेघा मारून घेतल्या. त्या चिमणीच्या चोचीसारख्या फाकल्या. बंबातल्या राखेकडे त्याला बघवेना.

"काय रे, घालू का हिला?" तात्यांनी विचारलं.

"नको तात्या. ती सरळ आहे. वाकडा मीच आहे."

तात्यांनी त्याला खिळ्याला टांगलं. तिथेही तो जरा तिरकाच राहिला. 'हा खिळाच वाकडा,' असं अगदी ओठांवर आलं, आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं.