पाचवी खानावळ

“‘बुवा ज्या पाच ठिकाणी झोळी घेऊन उभे राहतात ना, तिथलं जेवण म्हणजे…’ एवढंच ऐकू आलं. मग ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. पुढचं काय, बुवा?”

पुण्याहून आलेला एक माणूस दत्ताच्या मठाच्या पायरीवर उभा राहून हे विचारत होता.

नरहरबुवा झोळीला टाका घालत होते.

“कोण म्हणालं?”

“एसटी स्टँडवर. कंडक्टर ड्रायव्हरला सांगत होता.”

“मग कंडक्टरलाच विचारायचं.”

“गाडी गेली ना, बुवा.”

“हं…”

बुवांनी दोरा दातानं तोडला.

मठ आमच्या परसाला लागून आहे. मधे कमरेएवढी भिंत. तिला कान लावावा लागत नाही, सगळं आपसूक ऐकू येतं.

माणसाचं नाव तन्मय गुप्ते. वय पस्तीस-छत्तीस. दोन दिवसांसाठी परगावी गेलेल्या माणसानं तिथे कुठे जेवावं, याच्या छोट्या पुस्तिका तो लिहायचा. एका गावाच्या पाच जागा. पाचही अशा, की दुसऱ्या गावात तसं मिळू नये. एकतीस गावं झाली होती, आमची सांगली बत्तिसावी. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं.

बुवांनी विचारल्यावर एक गोष्ट सांगितली. ती जरा हळू.

“एवढी घाई कशाची?” बुवा म्हणाले होते.

“मागच्या पुस्तिकेत एका खानावळीचं फार कौतुक केलं मी. ऐकीव. स्वतः जेवलो नव्हतो. ती बंद पडून वर्ष झालं होतं…”

“मग?”

“वाचकानं प्रकाशकाला पत्र लिहिलं. प्रकाशक म्हणाले, पुन्हा असं झालं तर हे काम दुसऱ्याला देऊ. उद्या चारची गाडी आहे माझी. तोवर पाच जागी मी जेवलेलो पाहिजे. स्वतः.”

“मग जेवा.”

“कुठे, ते तुम्ही सांगा. अख्ख्या गावाचं खाल्लेला माणूस म्हणजे तुम्हीच.”

हे बाकी खरं. बुवा रोज दुपारी पाच घरी माधुकरी मागायचे. शिजवलेल्या अन्नाची भिक्षा. पुढे जुनी घरं पाडून अपार्टमेंट झाली. वॉचमन झोळी बघून फाटकातच अडवायला लागले. तेव्हापासून बुवा पाच खानावळींच्या दारात उभे राहतात. अठरा वर्षं झाली.

“मला चव ठाऊक नाही,” बुवा म्हणाले.

“असं कसं?”

“मिळालेलं अन्न झोळीसकट नदीत बुडवतो. तीनदा. मग खातो.”

तन्मय हसला. “अख्खा मसूरसुद्धा?”

“सगळंच.”

“अहो, पण का?”

“गुरूंनी सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं?”

“बुडव म्हणून.”

तन्मयनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीअलीकडे तांदूळ निवडत होते. तशीच निवडत राहिले.

“बरं, नुसती नावं तरी द्या.”

“त्यात लपवायचं काय? गावाला ठाऊक आहे.” बुवा बोटांवर मोजू लागले. “पेठेत लिंगाप्पा. स्टँडमागे मालतीबाई. तालमीजवळ बाबू माळी. घाटावर उपाध्यांची जैन खानावळ, तिथे दिवस मावळायच्या आत जा, नंतर चूल नसते. पाचवी मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामांमागे. गौराक्का. पाटी नाही.”

“पाटीच नाही?”

त्यानं ते नाव लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

“एक करा,” बुवा म्हणाले. “वाढतील ते खा. मागू नका.”

“एकतीस गावं झालीत माझी, बुवा.”

“हं…”

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला मी परसात कपडे वाळत घालत होते. कपडे सकाळीच वाळले होते, पण ते असो. मठाच्या मागच्या पायऱ्या थेट कृष्णेत उतरतात आणि आमच्या परसातून नीट दिसतात.

बुवा नुकतेच माधुकरी मागून आले होते. झोळी घेऊन खालच्या पायरीवर उतरले, तेवढ्यात तन्मय आला. जवळजवळ धावतच.

“बुवा! कंडक्टर खरं बोलत होता!”

“काय बोलत होता?”

“पुढचं तो काय बोलणार होता, ते आता कळलं. लिंगाप्पांचा मसूर… दोनदा घेतला मी. मालतीबाईंचं वांगं. माळ्यांच्या झुणक्यानं तर घाम काढला. उपाध्यांच्या काकूंनी ताक वाढलं, तसं पुण्यात दाखवा कुणी! आणि पाचवी? पाचवीची सगळ्यांवर कडी!”

बुवांनी झोळी पाण्यात सोडली.

“अहो, अहो, अहो! त्यात लिंगाप्पांचा मसूर असेल!”

“आहे.”

एकदा.

पाण्यावर तांबडा तवंग आला. कुठून तरी बारके मासे जमले.

दोनदा.

तन्मय वरच्या पायरीवर डोक्याला हात लावून उभा.

तीनदा.

“झोळी आज हलकी दिसते, बुवा,” मी भिंतीवरून म्हणाले.

“चारच ठिकाणचं आहे. गौराक्का नाही म्हणाल्या. संपलं होतं.”

तन्मयच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात काही उरलं नव्हतं.

“तुम्ही… किती वाजता गेला होतात?”

“एकला. नेहमीप्रमाणे.”

“मी पाऊणला गेलो होतो.”

“हं.”

“मलाही त्या संपलं म्हणाल्या. हमालांची पंगत जेवून गेली होती. कोपऱ्यात एक ताट झाकून ठेवलं होतं. मी विचारलं, ते? म्हणाल्या, ते बुवांचं…”

बुवांनी झोळी पाण्यावर निथळत धरली.

“मी म्हणालो, मला बुवांनीच पाठवलंय.”

“पाठवलं होतंच.”

“त्यांना वाटलं असेल, आज तुमच्या जागी मी आलोय.”

“वाटलं असेल.”

“मला पाचवी हवी होती, बुवा. चारची गाडी… तुमचं ताट खाल्लं मी.”

“माझं नव्हतं. त्यांचं होतं. त्यांनी दिलं, तुम्ही जेवलात.”

“मी आत्ता जाऊन घेऊन येतो काही. कुठूनही. सांगा तुम्ही.”

“आज पाच दारं झाली माझी. नाही म्हणालेलं दारही मोजतात.”

बुवा पायरीवर बसले. झोळी मांडीवर घेतली. धोतर भिजलं, तिकडे लक्ष नव्हतं.

“एक सांगा पण.”

“विचारा ना.”

“चव कशी होती?”

तन्मय एक पायरी खाली उतरला.

“अठरा वर्षं त्यांच्या हातचं खातोय. पाण्यातून काढून. कशी असते?”

तन्मयनं वही उघडली. घसा साफ केला.

“‘हळदीच्या गोदामांच्या दरवळात, पाटी नसलेल्या दारामागे, जिभेवर रेंगाळणारी अस्सल सांगलीकर चव…’”

“छान आहे. गोदामाचं झालं, दाराचं झालं. आमटी?”

“‘झणझणीत, तरीही मायेची.’”

“लिंगाप्पाच्या मसुराला काय लिहिलंय?”

त्यानं पानं उलटली. पान सापडल्यावरही उलटत राहिला.

“सापडेना का?”

“‘झणझणीत… तरीही मायेचा.’”

माझ्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता म्हणून बरं.

तन्मयनं वही मिटली. नदीकडे बघत राहिला. मासे गेले होते. तवंग पुलाच्या दिशेनं निघाला होता.

“मीठ कमी होतं,” तो म्हणाला.

“हं?”

“आमटीला मीठ कमी होतं. भाजीलाही. भाकरी एका अंगानं करपली होती, ती त्यांनी सुरीनं खरवडून दिली. मी जेवेपर्यंत दारात उभ्या होत्या. आणखी हवं का, असं विचारलं नाही… नसणारच. मिठाची वाटी होती शेजारी. हमालांची ताटं उचललेली होती, पण त्यांच्याही जागी तशाच वाट्या. पंधरा-वीस असतील.”

“मग सगळ्यांवर कडी ती कुठली?” मी विचारलं. राहवलं नाही.

“पाचवी होती हो, काकू. शेवटची. चांगलीच निघायला हवी होती.”

म्हणजे तन्मयनं पुरं केलेलं कंडक्टरचं बोलणं चार खानावळींपुरतं खरं. पाचवीपुरतं नाही.

पण वाट्यांचं ऐकल्यावर मला गप्प बसवेना.

“अहो, त्या चाखतच नाहीत.”

दोघांनी वर पाहिलं. बुवांनीसुद्धा.

“कोण?” तन्मय म्हणाला.

“गौराक्का. बुवांचा वाटा त्याच पातेल्यातून निघायचा. भिक्षेचं अन्न आपण आधी तोंडाला कसं लावायचं? बुवा वाटा घेऊन जाईपर्यंत जिभेवर थेंब घेत नाहीत त्या. मीठ सगळं अंदाजानं. आणि अंदाजही कमीच धरतात, जास्त पडलं तर काढता येत नाही ना. कमी पडलं तर वाटी आहेच. हमाल वरून घेतात. कुणी कुरकुरत नाही. एक नवीन गडी बोलला होता, तर बाकीच्यांनीच त्याला गप्प केलं.”

“कधीपासून?” बुवांनी विचारलं.

“तुम्ही त्यांच्या दारात पहिल्यांदा उभे राहिलात तेव्हापासून. तुम्हाला ठाऊक नाही?”

“नाही.”

“अठरा वर्षांत कुणी सांगितलं नाही?”

“मी विचारलं नाही…”

बुवांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी दोरीवरचा एक टॉवेल काढला, पुन्हा तिथेच घातला.

झोळीतून पाणी गळत होतं. थेंब पायरीवर, पायरीवरून नदीत.

“म्हणजे त्या न चाखता…” तन्मय म्हणाला, “आणि तुम्ही…”

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. आम्हीही केलं नाही.

पावणेतीन झाले असतील. त्यानं वही पुन्हा उघडली. ते गोदामाचं पान उभं-आडवं खोडलं. मग उलटून मसुराचं पानही काढलं आणि त्यातलं ‘मायेचा’ खोडलं. कोऱ्या पानावर ‘गौराक्का’ एवढं लिहिलं आणि पेन तसंच धरून बसला.

“बुवा.”

“हं.”

“जेवलो तर आहे. खोटं काही नाही त्यात.”

“नाही.”

“मग लिहू काय? मीठ कमी, भाकरी करपलेली… असं लिहिलं तर तिथे जाईल कोण?”

बुवांनी ओल्या झोळीची गाठ सोडली. चार ठिकाणचं एक झालेलं, फिकं पडलेलं अन्न. त्यातला घास घेतला. सावकाश चावला, गिळला.

“उद्या,” ते म्हणाले, “मी जाणार आहे.”