भाईजानची काचपट्टी

"मग बिघाड आहे तरी कुठे, बाई?"

हेमांगी तुळपुळेनं आईचे सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले. आठ महिने आई भिंतीकडे तोंड करून पडून होती. हेमांगी स्वतः मेंदूतल्या चेतापेशींवर संशोधन करणारी. परिषदांमधून तिला मानानं बोलावलं जाई. घरात मात्र तिची विद्या चालेना, तेव्हा ती मिरजेला आपल्या जुन्या शिक्षिकेकडे आली होती.

वहिदा मुजावरबाईंनी रिपोर्टांना हात लावला नाही. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक असे. त्याखाली त्यांनी एक काचपट्टी सरकवली.

"बघ."

"चेतापेशी आहेत. शाबूत दिसतायत."

"आणि त्यांच्या मधे?"

"आधारपेशी. त्या काय... नुसतं भरताड."

"मोज."

हेमांगीला हसू आलं. हे काम ती आपल्या विद्यार्थ्यांनाही देत नसे. पण बाईंचा शब्द. तिनं मोजल्या.

बाईंनी दुसरी पट्टी लावली. निरोगी माणसाच्या मेंदूचा तोच भाग. हेमांगीनं त्याही मोजल्या. मग तिनं पहिली पट्टी परत लावली आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजलं.

"इथं कमी आहेत."

"हं. चेतापेशीला भरवणाऱ्या, तिच्याभोवतीचा केर उचलणाऱ्या. उदासीच्या आजारात कधी कधी याच कमी झालेल्या दिसतात."

"सगळ्यांच्या?"

"नाही. काहींच्या. त्या कमी झाल्या म्हणून आजार येतो, की आजारानं त्या कमी होतात... तेही मला सांगता येणार नाही."

"ही पट्टी कुणाची?"

"माझ्या भाईजानची."

हेमांगीनं डोळा भिंगावरून काढला.

"वीस वर्षं ते असेच पडून असायचे," बाई म्हणाल्या. "कॉलेजला निघताना मी रोज त्यांच्या उशाशी उभी राहायची. म्हणायची, 'उठा की भाईजान. तुम्हाला कमी काय आहे?'"

"कधी उलटून बोलले नाहीत," बाई पुढे म्हणाल्या. "ते गेल्यावर त्यांच्या उशीखाली चिठ्ठी सापडली. 'माझा मेंदू वहिदाला द्यावा. ती रोज विचारते, कमी काय आहे. तिला एकदा मोजू द्या.'"

"आज सकाळी मीही आईला तेच म्हणाले, बाई," हेमांगी म्हणाली. "अगदी याच शब्दांत. वर म्हणाले, माझं नाव खराब करतेस."

"मग?"

"आई म्हणाली, 'चुकलं गं माझं.'"

एवढं बोलून तिला रडू फुटलं. बाईंनी तिला रडू दिलं. मग एकेक रिपोर्ट गोळा करून तिच्या पिशवीत घातला.

"गोळ्या बंद करू नकोस. तिचे डॉक्टर सांगतील तसंच चालू दे."

"ते करीनच. पण मी... मी तिला काय सांगू?"

बाईंनी पिशवी तिच्या हातात दिली.

"सांगू नकोस काही. केस विंचर तिचे. गुंता झाला असेल."